तंबूतल्या दोन रात्री आणि चूल: पदार्थ नंतर, आधी जाळ

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. नाताळच्या सुट्टीत पुण्याहून दापोली तालुक्यात येऊन दोन रात्री तंबूत राहायचं आहे. तुम्ही दोघं, नऊ आणि पाच वर्षांची मुलं आणि सासूबाई. गॅस न नेता सगळं जेवण शेकोटीवर करायचा बेत आहे. मागच्या वर्षी मित्रमंडळींबरोबर केलेला भात खाली करपला आणि वर कच्चा राहिला, म्हणून या खेपेला ‘न बिघडणाऱ्या पदार्थांची यादी’ हवी आहे. सासूबाई मासे खात नाहीत.

गुहागर तालुक्यात आमची नारळी-पोफळीची वाडी आहे. थंडीत तिथे कुटुंबं तंबू लावून राहतात आणि त्यांच्या चुलींकडे माझं सतत लक्ष असतं, म्हणून लिहिते.

यादी देईन, पण तुमची अडचण पदार्थांची वाटत नाही. तुमचा भात शेकोटीवर शिजवला म्हणून बिघडला. शेकोटी अंग शेकायला आणि गप्पा मारायला. तिचा जाळ मोठा, पसरलेला, वारा येईल तिकडे वाकणारा. जेवणाला लागते चूल. ती लहान हवी, तीन बाजूंनी अडवलेली, लाकूड आत सरकवलं की जाळ वाढणारी आणि बाहेर ओढलं की उतरणारी. दोन्ही हव्या असतील तर दोन वेगळ्या करा. चूल दुपारी साडेचारला पेटवा, शेकोटी जेवणं झाल्यावर, वाटलीच तर.

आणि विस्तव सारखा बदलत असतो. आधी जाळ, मग निखारे, मग गरम राख. घरी गॅसवर आपण पदार्थ ठरवतो आणि आच त्याला जुळवून घेतो. चुलीवर ज्या क्रमाने आच मिळते त्या क्रमाने पदार्थ लावायचे. उकळायचं ते जाळावर, भाजायचं ते निखाऱ्यावर, कंदमुळं राखेत. एवढं धरून चाललात तर एकाच चुलीवर, एकाच लाकडात पूर्ण जेवण होतं.

आता जागा. इथे बरंच काही तुम्ही नेमके कुठे उतरता यावर आहे. वाळूत चूल मांडायचा मोह होईल, पण मी तो सल्ला देणार नाही. वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, आणि रात्रीच्या उजेडाने माद्या परत फिरतात, पिल्लं भरकटतात. अशा किनाऱ्यावर विस्तव नकोच. बाकी किनाऱ्यांवरही ग्रामपंचायतीला विचारल्याशिवाय नको. सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, तर अजिबात नाही. डिसेंबरपर्यंत तिथलं गवत वाळून कोरडं झालेलं असतं, वणवा लागला की आंब्या-काजूच्या बागा जातात, आणि ज्याची हापूसची कलमं मोहोरावर आली आहेत त्याला तुमच्या शेकोटीचं कौतुक असण्याचं कारण नाही. सुरूच्या बनातली जमीन वाळलेल्या सुयांनी भरलेली असते, एक ठिणगी पुरते. म्हणून कुणाच्या तरी वाडीत, मालकाला विचारून, झाडांपासून दूर, मोकळ्या झाडलेल्या जागेत राहा. पाणी, विहीर, खवणी आणि अडचणीला हाक मारायला एक घर, हे सगळं त्याच्याबरोबर येतं.

तरीही किनाऱ्यालगतच तंबू लावणार असाल तर भरतीची रेषा बघा. वाळका कचरा आणि शिंपले जिथपर्यंत ओळीने पडलेले दिसतात त्याच्या बरंच वर राहा. आमच्याकडे जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. जागेप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाचं पाणी नेहमीपेक्षा वर येतं, तेव्हा कालची रेषा ही आजची हमी धरू नका.

वाऱ्याचं मात्र नीट ऐका, कारण भात करपण्यात आणि तंबूला भोक पडण्यात त्याचाच हात असतो. थंडीच्या दिवसांत दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो, बहुतेक वायव्येचा, आणि तो सूर्यास्तानंतरही काही वेळ राहतो. रात्री तो पडतो आणि पहाटे जमिनीकडून मतलई वारा येतो, म्हणजे पूर्वेकडून. संध्याकाळी ज्या बाजूला धूर गेला त्याच्या जवळजवळ उलट बाजूला सकाळी जातो. चुलीचं तोंड वाऱ्याकडे करायचं आणि आपण वाऱ्याकडे पाठ करून तोंडापाशी बसायचं, म्हणजे धूर डोळ्यांत येत नाही. वारा फारच जोराचा असेल तर तोंड थोडं तिरकं करा, नाहीतर जाळ भांड्याखालून निसटून मागे निघून जातो आणि भांडं एकाच बाजूने तापतं. सकाळी दगड हलवून तोंड पूर्वेला फिरवा. तंबू चुलीच्या पूर्वेला लावलात तर ठिणग्या संध्याकाळी त्याच्यावर, पश्चिमेला लावलात तर सकाळी. म्हणून मी उत्तरेला लावायला सांगते, दहा-बारा पावलं सोडून. जागेमुळे हे बदलेलही. डोंगराच्या कुशीत वारा वेगळा वळतो, तेव्हा पोहोचल्यावर आधी मूठभर वाळका पाला पेटवून धूर कुठे जातो ते बघा.

चुलीला तीन चिरे पुरतात. वाडीच्या गडग्याशेजारी, म्हणजे दगडी कुंपणाशेजारी, जांभ्याचे सुटे चिरे पडलेले असतात, मालकाला विचारून घ्या आणि जाताना जागच्या जागी ठेवा. कोरडेच घ्या. खाडीतले, ओढ्यातले भिजलेले गोटे चुलीला लावू नका. आतलं पाणी तापून दगड तडकतो, त्याचा कपचा उडतो, आणि मुलं नेमकी त्याच उंचीवर असतात. भांड्याचं बूड जमिनीपासून वीतभर उंच राहील इतकं अंतर ठेवा. मागच्या बाजूला दोन चिऱ्यांत थोडी फट सोडली की वैलासारखी जागा होते. तिथून निघणाऱ्या धगीवर दुसरं भांडं नुसतं गरम राहतं.

लाकूड विकत घ्या. जंगलातून तोडून आणू नका, आणि खाडीकाठच्या कांदळवनाला तर हातही लावू नका. तो गुन्हा आहे, शिवाय त्यातल्या काही झाडांचा चीक डोळ्यांत गेला तर डोळे धरून बसावं लागतं. गावात लाकडाचा भारा मिळतो. आईन, किंजळ, सुरू यांचे निखारे चांगले पडतात आणि टिकतात. पांगारा, सावर असली हलकी लाकडं भडाभडा जळतात आणि मागे राख तेवढी ठेवतात. पाच माणसांच्या एका वेळच्या जेवणाला पाच-सहा किलो सुकं लाकूड मी धरते. शेकोटीचं वेगळं.

पेटवायला वाळलेल्या झावळीची पात्यं, त्यावर काटक्या, मग करवंट्या. करवंटी ही कोकणातली सगळ्यात गुणी गोष्ट. लगेच पेटते, जोरात जळते आणि तिचा निखाराही होतो. सोडणं, म्हणजे नारळाच्या वरच्या सालीचे तुकडे, मात्र धुमसतात. मच्छर पळवायला छान, स्वयंपाकाला तापदायक. कण्हेर, शेर, निवडुंग, बिब्बा यांचं काहीही चुलीत जाऊ देऊ नका. काजूच्या बियांची टरफलं फुकट मिळाली तरी नकोत. त्यातलं तेल कातडी जाळतं आणि धूरही वाईट. समुद्राने आणून टाकलेली पांढरी गुळगुळीत लाकडं फोटोत सुंदर दिसतात, पण ती खारवलेली असतात. त्यांच्या धुरावर मासा भाजून मुलांना देऊ नये.

भांड्यांबद्दल थोडक्यात. कुकर घरी ठेवा. जाळाचा भरवसा नसतो, मुठी वितळतात, रबर खराब होतं. नॉनस्टिकही नको, जाळावर ते सहज जास्त तापतं आणि थर सोडतं. कड्यांचा जाड बुडाचा टोप, लोखंडी कढई, बिडाचा तवा, लांब दांड्याची पळी, दणकट सांडशी, परात, फुंकणी. फुंकणी नसेल तर लोखंडी नळीचा हातभर तुकडा चालतो. भांड्यांना बाहेरून राख आणि मातीचा पातळ लेप देऊन चुलीवर ठेवलीत की काजळी लेपावर बसते आणि धुताना पाण्याने निघून जाते. हे काम पाच वर्षांच्या मुलाला द्या, तो तासभर गुंतून राहील.

आता भात. भात खाली करपतो आणि वर कच्चा राहतो तो असा: पाणी आटायला लागलं तरी खालचा जाळ तसाच चालू असतो, आणि वरून वारा झाकण थंड करत असतो. त्यात अ‍ॅल्युमिनियमचं पातळ पातेलं असलं की झालंच. पहिल्यांदा चुलीवर करणाऱ्याला मी मापाच्या पाण्यात भात करायला सांगतच नाही. भात वेळा, म्हणजे भरपूर पाण्यात शिजवून जास्तीचं पाणी काढून टाका. टोपात भरपूर पाण्याचं आधण ठेवा, तांदळाच्या पाच-सहा पट तरी, उकळी फुटली की अर्धा तास भिजवलेले तांदूळ घाला, मोठ्या जाळावर रटरटू द्या. शीत दोन बोटांत दाबून बघा. मधे बारीकसा कण लागत असताना जास्तीचं पाणी काढून टाका. टोप उपडा करून पाणी गाळायची आपली जुनी पद्धत अंधारात, मुलं आजूबाजूला असताना करू नका. पळीने पाणी काढत जा, थोडं राहिलं तरी बिघडत नाही. मग लाकडं बाहेर ओढून टोप नुसत्या निखाऱ्यांवर ठेवा, सपाट झाकणावरही चार निखारे ठेवा, दहा मिनिटं. वरची आच वाऱ्याला पुरून उरते. काढलेलं पाणी म्हणजे पेज. तूप-मीठ घालून मुलांना वाटीतून द्या. संध्याकाळी पाचला समुद्रावरून भुकेली आलेली मुलं जेवणापर्यंत गप्प बसवायला याहून स्वस्त उपाय माझ्याकडे नाही. उकडा तांदूळ घेतलात तर पेज जास्त चवदार होते, पण त्याला शिजायला वेळ आणि लाकूड दोन्ही जास्त लागतं.

भात वैलावर सरकवला की जाळावर कुळथाचं पिठलं. कुळथाचं पीठ घरूनच न्या. फोडणीत लसूण, मिरची, कांदा, मग पाणी आणि आमसुलं, उकळी आली की पाण्यात कालवलेलं पीठ ओतून ढवळत राहायचं. दहा-बारा मिनिटांत होतं, आच कमीजास्त झाली तरी ते सांभाळून घेतं, आणि सासूबाईंचं जेवण इथेच पूर्ण झालं. तूरडाळ शिजायची वाट बघत बसू नका. डाळच हवी असेल तर मुगाची, भिजवलेली.

इथवर पावणेसहा वाजतील आणि चुलीत निखारे जमलेले असतील. आता नवीन लाकूड घालू नका. बहुतेक जण इथे चुकतात. जाळ विझायला आला की घाबरून चार ओंडके सारतात आणि मासा बाहेरून काळा करतात. निखाऱ्यांवर राखेची पांढुरकी साय दिसली आणि तळहात वीतभर वर तीन-चार आकडे मोजेपर्यंतच धरवला, की भाजायची वेळ झाली.

मासा बांगडाच घ्या. तेलकट असतो, निखाऱ्यावर कोरडा पडत नाही. सुरमईची तुकडी सुकते, बोंबील तर हातात येईपर्यंत विरून जातो. हर्णै बंदरात मासळीचा लिलाव होतो, पण मोठ्या लॉटमधून तुम्हाला पाच बांगडे कोण देणार? बाजूला बसलेल्या कोळणींकडून घ्या. कल्ले लाल, डोळे फुगीर, बोटाने दाबलं तर खळगा राहू नये. साफ तिथेच करून घ्या आणि लगेच बर्फात घाला. बांगडा उन्हात गाडीत तासन् तास राहिला तर त्यात असं द्रव्य तयार होतं की तोंड चुरचुरतं, अंग लाल होतं, पुरळ उठतं. शिजवल्याने ते जात नाही. त्यामुळे सकाळी घेऊन संध्याकाळी करायचा असेल तर बर्फाची पेटी हवीच. नाहीतर दुपारी उशिरा घ्या.

बांगड्याला दोन्ही बाजूंनी तिरके काप, मीठ, हळद, कोकमाचं आगळ. वाटण करायचं असेल तर ओली मिरची, लसूण आणि दोन-चार तिरफळं, बी काढून. मुलांच्या दोन बांगड्यांना नुसतं मीठ-हळद. केळीचं पान आधी धगीवर फिरवून मऊ करा म्हणजे दुमडताना फाटत नाही. दोन घड्यांत गुंडाळून, केळीच्याच सोपाच्या दोरीने बांधून निखाऱ्यांवर ठेवा. मध्यम बांगड्याला एका बाजूला सात-आठ मिनिटं. वरचं पान जळेल, जळू द्या. उघडून मधल्या काट्यापासून मांस सुटतंय का बघा. मुलांना वाढताना काटे तंबूतल्या दिव्याच्या भरवशावर काढू नका, चांगली बॅटरी घ्या.

सासूबाईंचा तवा वेगळा ठेवायचा असेल तर त्यांचं वांगं, कांदा, मक्याचं कणीस मासा लावायच्या आधी भाजून घ्या. कुणाचं मन दुखत नाही आणि निखाऱ्याची सर्वांत स्वच्छ आच त्यांना मिळते. आणि मासा चढवतानाच चुलीच्या कडेच्या गरम राखेत मध्यम रताळी पुरून ठेवा. जेवणं उरकेपर्यंत पाऊण तासात होतात. ती सकाळी थंडच खायची, दुधाबरोबर. चहाखेरीज न्याहारीची चिंता मिटली.

सकाळी काही गरम हवंच असेल तर घावन. तांदळाचं पीठ, मीठ, पाणी, ताकासारखं पातळ. बिडाच्या तव्याला बारीक काटक्यांचा सारखा जाळ द्या, कडेकडून ओतत आत या, झाकण ठेवा. पहिला घावन तव्याचाच समजायचा. भाकरीच्या नादी लागू नका. तांदळाची उकड काढणं, मळणं आणि वाऱ्यात थापणं हे सवयीच्या हाताचं काम. शेजारच्या घरात पैसे देऊन भाकऱ्या करून घ्या, मिळतातही छान.

दुसऱ्या संध्याकाळी मात्र मुलांसाठी पोपटी करा. ती मूळची रायगडाकडची, पण तुम्ही ताम्हिणी-माणगावमार्गे येणार असाल तर वाटेत विचारत या. थंडी चांगली पडली असेल तर वालाच्या शेंगा दिसायला लागतात. मातीचं मडकं घ्या. तळाला भांबुर्ड्याचा, म्हणजे एका वासाच्या रानझुडपाचा, पाला, त्यावर शेंगा, बटाटे, रताळी, कणगर (एक कंद), मीठ, ओवा. अंडी किंवा केळीच्या पानात बांधलेलं चिकन त्यातच जातं, पण मग सासूबाईंसाठी वेगळं छोटं मडकं लागेल. पाणी एक थेंब नाही, सगळं पाल्याच्या आणि शेंगांच्या वाफेवर शिजतं. वर परत पाला दाबून तोंड गच्च बंद करायचं, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती सुका पालापाचोळा, पेंढा, काटक्या रचून पेटवायचं. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारा, चुर्र होऊन क्षणात उडाला तर झालं. हा एकच पदार्थ असा की ज्याला शेकोटीसारखा मोकळा जाळ हवा असतो, तेव्हा तुमची शेकोटीची हौसही यात भागते. भांबुर्डा ओळखणारं कुणी बरोबर नसेल तर भलताच पाला घालू नका. केळीची पानं वापरा, वास तो नाही येणार पण पोटाला धोका नाही.

मुलांचं आणि आगीचं: चुलीभोवती तीन पावलांवर चुन्याने किंवा फांद्यांनी गोल आखा, आत फक्त एक मोठं माणूस. सगळ्यांचे कपडे सुती, ओढण्या आणि पदर खोचलेले. भरलेली बादली चुलीपाशी कायम. पाणी मोजून न्या म्हणाल तर स्वयंपाक, पिणं आणि भांडी धरून पाच जणांना दिवसाला तीस-चाळीस लिटर लागतं, म्हणूनच विहिरीजवळ राहा म्हटलं. भाजलंच तर वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटं धरा. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही नको. फोड मोठा असेल, चेहरा किंवा हात असेल तर थेट दवाखाना. रात्री गारवा वाटला म्हणून निखाऱ्यांची घमेली किंवा शेगडी तंबूत नेऊ नका, दार थोडं उघडं ठेवूनही नाही. निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेल्याला जाग येत नाही.

विझवताना वाळू किंवा माती टाकून निघून जाऊ नका. आतला विस्तव कित्येक तास तसाच राहतो, वरून काही दिसत नाही, आणि सकाळी अनवाणी धावणारं पोर त्यावर पाय देतं. पाणी ओता, काठीने ढवळा, परत पाणी ओता. हाताची मागची बाजू जवळ नेऊन धग लागत नाही ना ते बघूनच झोपा.

आणि एक छोटी गॅसची शेगडी गाडीत असू द्या, गॅस न नेण्याचा तुमचा बेत असला तरी. तुळशीच्या लग्नानंतरही कधीतरी अवकाळी सर येते, आणि भिजलेल्या लाकडावर पाच वर्षांच्या मुलाचं दूध तापवत बसण्यात कसली मजा. तारखा आणि गाव नक्की झालं की इथेच लिहा, तिथी बघून भरतीचं आणि त्या बाजूला लाकूड-पाणी कुठे मिळेल ते सांगते.